आल्प्समध्ये बाईकवर, मित्रांसोबत: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आम्ही चौघं मित्र आत्तापर्यंत तीन वेळा युरोपात बाईक टूर करून आलो. म्युनिकला उतरायचं, तिथे भाड्याने बाईक घ्यायच्या आणि ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड असं फिरून परत म्युनिक. दर वेळी आल्यावर कोणीतरी फोन करतं की आम्हालाही जायचंय, काय काय करावं लागतं, आणि तासभर बोलून पण निम्मं सांगायचं राहतंच. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अशा टूरमध्ये सगळ्यात मोठी चूक होते ती किलोमीटर ठरवताना. घरी बसून नकाशात ३५० किलोमीटर बघितले की वाटतं त्यात काय एवढं, आपण पुणे-गोवा एका दिवसात करतोच की. पण आल्प्समधले ३५० म्हणजे दिवसभर नुसती वळणं, आणि ग्रुपमध्ये जो सगळ्यात सावकाश चालवतो त्याच्यासाठी ते फार होतात. तो दमला की ग्रुप दमला. म्हणून दिवस आखताना त्याच्याकडे बघून आखा.

आधी माणसं, मग रूट

चार जण उत्तम, सहा म्हणजे डोक्यावरून पाणी. चार बाईक कुठल्याही कॅफेसमोर लागतात, चार जणांना टेबल मिळतं, दोन रूममध्ये काम होतं. मित्र निवडताना तो किती भारी चालवतो ते बघू नका, सकाळी वेळेवर उठतो का, पैशाचं सरळ बोलतो का आणि पावसात भिजल्यावर त्याचा मूड कसा असतो ते बघा. दहा दिवस चोवीस तास एकत्र असता.

निघायच्या आधी एकदा तरी सगळ्यांनी मिळून घाटांची एक राईड मारा. आम्ही पुण्याहून पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळीने पोलादपूर, महाड आणि वरंध घाटातून भोरमार्गे परत असा राऊंड करतो (पावसाळ्यात नको, वरंध बऱ्याचदा बंद असतो). एका दिवसात करा आणि संध्याकाळी कोणाची पाठ धरली, कोण मागे पडत होतं, कोण दर वीस मिनिटांनी फोटोला थांबत होता हे बघून ठेवा. तिकडे हेच होणार आहे.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसा (या चारही देशांना एकच चालतो) ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे काढायचा. फी मोठ्यांना ९० युरो, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट फार लवकर भरतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागा. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण इथे नवीन माणूस फसतो. व्हिसाला चालणारी पॉलिसी बाईक अपघाताला चालेलच असं नाही, बऱ्याच पॉलिसीत मोठ्या सीसीची दुचाकी चालवणं वगळलेलं असतं. अटी पूर्ण वाचा, कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरं म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. आपल्या आरटीओकडेच मिळतं, परिवहनच्या साईटवर अर्ज होतो, फी १००० रुपये आणि एक वर्ष चालतं. तुमच्या लायसन्सवर गियरवाल्या मोटारसायकलची नोंद हवी. आणि परमिटसोबत मूळ लायसन्सही जवळ लागतं, नुसत्या परमिटला काही अर्थ नाही.

क्रेडिट कार्ड हे पण कागदपत्रच समजा. बाईकवाले डिपॉझिट कार्डवर ब्लॉक करतात, हजार-दोन हजार युरो सहज, आणि बहुतेक ठिकाणी ज्याच्या नावावर बाईक त्याच्याच नावाचं कार्ड मागतात. लिमिट आधी वाढवून घ्या, नाहीतर काउंटरवर उभं राहून पुण्यातल्या बँकेला फोन लावत बसावं लागतं.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आम्ही पहिल्या वेळी मे अखेरीस गेलो, विमान स्वस्त होतं म्हणून, आणि इटलीतला स्टेल्विओ घाट तेव्हा अजून बर्फामुळे बंद होता. इतकी वर्षं ज्या घाटाचे फोटो बघत होतो तो खाली बॅरियर टाकून बंद, आणि आम्ही खालच्या गावातून वर बघतोय. ऑगस्टच्या मध्याला इटलीत सगळे सुट्टीवर असतात, १५ ऑगस्टचा आठवडा तर टाळाच, रस्ते भरलेले आणि रूम महाग. मला विचाराल तर सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे बेस्ट, गर्दी कमी, हवा स्वच्छ, आणि दुपारची वादळं पण जुलै-ऑगस्टइतकी येत नाहीत.

बाईक

मोठी बीएमडब्ल्यू जीएस सगळ्यांनाच हवी असते. पण तुम्ही इथे साडेतीनशे-चारशे सीसी चालवत असाल तर तिकडे एकदम अडीचशे किलोचं धूड, त्यावर सामान भरलेले पॅनियर (बाजूच्या पेट्या), आणि समोर चढावरचं बंद वळण, असं करू नका. आठशे-नऊशे सीसीची मधली बाईक घ्या. उंची कमी असेल तर लो सीट आधीच सांगून ठेवा. आमच्यातल्या कोल्हापूरकराने हट्टाने मोठी घेतली आणि पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये, शून्य स्पीडला, पाय खडीवर सरकला आणि बाईक आडवी. त्याला काही लागलं नाही, पण लिव्हर तुटली, पॅनियरला खरचटलं आणि पैसे डिपॉझिटमधून गेले. दुसऱ्या टूरला त्याने स्वतःहून लहान बाईक घेतली आणि आमच्या सगळ्यांपेक्षा छान चालवली.

भाडं आम्हाला दिवसाला १२० ते १८० युरोच्या दरम्यान पडलं. विचारायच्या गोष्टी: रोज किती किलोमीटर फ्री, कुठल्या देशांत न्यायला परवानगी, अपघात झाला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, पॅनियर भाड्यात की वेगळे. बाईक ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, टायर आणि रिमचा जवळून काढा.

अजून एक, जे आम्हाला दुसऱ्या टूरला कळलं. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये रॉयटे भागातल्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्याच्या सीझनमध्ये ऑक्टोबर अखेरपर्यंत ९५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या मोटारसायकलींना बंदी आहे. हा आकडा बाईकच्या कागदावर यू.१ या रकान्यात असतो. हानटेनयोखचा सुंदर घाट त्यातच येतो, तेव्हा बाईक बुक करतानाच हा आकडा विचारा.

काय न्यायचं

हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट स्वतःचे न्या. अंगवळणी पडलेले असतात, आणि नवीन बूट टूरवर घालून बघायची ती जागा नाही. हेल्मेट ईसीई या युरोपातल्या मानकाचं हवं. ग्लोव्ह्ज दोन जोड, एक उन्हाचा, एक वॉटरप्रूफ. इटलीतल्या बोल्झानो शहरात खाली पस्तीस डिग्रीत घाम निथळत असतो आणि दोन-तीन तासांत वर स्टेल्विओला सात डिग्री. त्यामुळे आत घालायचं पातळ थर्मल, गळ्याला बफ आणि वरून रेनकोट, हे तिन्ही टॉप बॉक्समध्ये अगदी वर ठेवा, पॅनियरच्या तळाशी नाही. ऑस्ट्रियात बाईकवर फर्स्ट एड किट असणं कायद्याने सक्तीचं आहे, भाड्याच्या बाईकवर ते आहे का बघून घ्या.

खायचं न्या, पण बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तूप-दूध नसलेले लाडू नाही तर चिक्की असं न्या. डोंगरात दुपारी तीन वाजता सगळी किचन बंद असताना टाकीवर कागद पसरून चौघांनी खाल्लेला चिवडा मला अजून आठवतो.

रूट

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा रूट सांगतो. म्युनिकहून दक्षिणेला ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा घाटरस्ता, मग लिएंझमार्गे इटलीतले डोलोमाइट्सचे डोंगर, तिथे दोन रात्री मुक्काम, मग बोल्झानो, मग स्टेल्विओ, तिथून बॉर्मिओ, लिविन्यो, बर्निना करून सेंट मॉरिट्झ, आणि पुढे आंडरमाट. आंडरमाटला परत दोन रात्री, कारण तिथून फुर्का (२४२९ मीटर), ग्रिमसेल आणि सुस्टेन हे तीन घाट एका दिवसाच्या गोल चक्करमध्ये होतात आणि रात्री त्याच बेडवर परत. मग बोडनसे तलावाकडून म्युनिक. नऊ-दहा दिवस धरा. घाटाच्या दिवशी २०० ते २५० किलोमीटर, त्याच्यावर नाही, आणि मध्ये एक दिवस पूर्ण सुट्टी.

ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ साली सुरू झाला, ४८ किलोमीटर, ३६ यू-वळणं, टोल लागतो, मोटारसायकलला तीस युरोच्या वर. जास्त वाटतील, पण सकाळी लवकर आत शिरा आणि दिवस तिथेच घालवा. फ्रान्झ-योसेफ्स-होये या पॉइंटला नक्की जा, समोर ३७९८ मीटरचं ग्रोसग्लोकनर शिखर आणि खाली पास्टर्झे हिमनदी. एडेलवाइसश्पिट्झ या दुसऱ्या पॉइंटला जाणारा फाटा दगडी फरशीचा आहे, ओला असेल तर सांभाळून.

स्टेल्विओ २७५७ मीटर. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनियरने बांधला, आणि आजही रस्त्याची आखणी बरीचशी तीच आहे. प्राड गावाच्या बाजूने ४८ यू-वळणं, प्रत्येकाला नंबर, खालून ४८ पासून सुरू होतात आणि वर जाल तसे कमी होत जातात. सकाळी आठच्या आत खालून निघा. दहानंतर गाड्या, कॅम्पर (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) आणि शेकडो सायकलवाले एकाच वळणात भेटतात, मग ना चालवायची मजा ना बघायची. सायकलवाल्यांना भरपूर जागा सोडा, ते बिचारे अख्खा डोंगर पायाने चढत असतात.

उजवी बाजू आणि वळणं

रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं हे गर्दीत जमतं, कारण समोरचा दिसत असतो. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, फोटोला थांबून परत निघताना. डोकं आपोआप डावीकडे जातं. आम्ही टाकीवर उजव्या बाजूला बाण काढलेली पट्टी चिकटवतो, आणि थांब्यावरून निघताना पुढचा माणूस इंटरकॉमवर मोठ्याने "उजवीकडे" म्हणतो. रोज, प्रत्येक वेळी. तिसऱ्या टूरला पण म्हणत होतो.

वळणांचं गणित पण उलटं होतं, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. आपल्या घाटात डावं वळण आवळून येतं आणि उजवं मोकळं असतं, कारण आपण डाव्या बाजूला असतो. तिकडे उजवं यू-वळण आतल्या बाजूचं, म्हणून तेच अरुंद आणि उभं. चढावर उजव्या वळणात नवीन माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, बाईक मध्येच मरते आणि पडते. तर वळणाच्या आधी पहिला गियर, थ्रॉटल थोडा धरून ठेवा, स्पीड क्लच आणि मागच्या ब्रेकने सांभाळा, पुढच्या ब्रेकला हात नको. मान पूर्ण वळवून रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे बघा, समोरच्या कठड्याकडे नाही, जिथे बघाल तिथेच बाईक जाते. आणि वळणात शिरण्याआधी वरच्या टप्प्यावर नजर टाका, वरून बस येत असेल तर खालीच थांबा.

बसवरून आठवलं. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या पोस्टबस असतात, आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा हॉर्न वाजवतात. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं दिसलं की तो पोस्टबसचा डोंगरी रस्ता, तिथे बसला आधी वाट द्यायची आणि ड्रायव्हर जे सांगेल ते ऐकायचं. तो हॉर्न ऐकला की थांबा, बसची शेपटी वळणात तुमच्या अर्ध्या रस्त्यावर येते.

डांबराच्या भेगा भरलेल्या काळ्या पट्ट्या दिसतात, ऊन असो की पाऊस, त्यावर बाईक सरकते. त्यावर ब्रेक नको, बाईक तिरकी करायची नाही.

ग्रुपमध्ये चालवणं

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या टूरला डोलोमाइट्समध्ये पोर्दोईचा घाट (२२३९ मीटर) उतरून आम्ही अराब्बा गावात आलो. तिथून डावीकडे काम्पोलोंगो घाटाने कोर्वाराला जायचं होतं, सरळ रस्ता खाली लिविनालोंगोकडे जातो. पुढचे तिघं आम्ही डावीकडे वळलो आणि रंगात येऊन निघून गेलो. आमचा नाशिककर तेव्हा मागे एका कॅम्परच्या पाठी अडकला होता, तो चौकात आला तेव्हा आम्ही कोणीच दिसत नव्हतो, आणि तो सरळ खाली गेला. कोर्वाराला पोचल्यावर कळलं तो नाही. त्याचा फोन लागेना, इंटरकॉमची रेंज कधीच संपलेली. दोन जण परत घाट चढून उतरून अराब्बाला, मी कोर्वाराला थांबलो. त्या दीड तासात दर वेळी बाईकचा आवाज आला की मी रस्त्यावर जाऊन बघायचो, आणि मनात नको ते विचार. तो खाली एका पेट्रोल पंपावर बसून होता, त्यालाही आमचीच काळजी. भेटल्यावर कोणी कोणाला काही बोललं नाही, पण रात्री बसून नियम केले, ते आजपर्यंत मोडले नाहीत.

प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला सांभाळायचं. कुठल्याही फाट्यावर, मागचा आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही, थांबायचं, त्याने तुम्हाला वळताना बघितलं की मग जायचं. पुढच्याला मागचा दिसेना झाला की तोही आपोआप थांबतो, म्हणजे साखळीने सगळे थांबतात. ज्याला वाटलं आपण चुकलो त्याने जिथे आहे तिथेच थांबायचं, शोधायला निघायचं नाही. सगळ्यात सावकाश चालवणारा दुसऱ्या नंबरला, आणि अनुभवी माणूस शेवटी. पहिला माणूस आरशात त्या दुसऱ्याला बघून स्पीड ठरवतो. रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर. आणि इमर्जन्सीला ११२, सगळीकडे एकच नंबर.

सिम कार्ड घेताना ते स्वित्झर्लंडमध्ये चालतं का विचारा, तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही आणि बरेच प्लॅन सीमेवर बंद पडतात. ऑफलाईन नकाशे आधीच उतरवून ठेवा.

पेट्रोल, टोल, स्पीड

पंपावर आपण स्वतः भरायचं. इटलीत पेट्रोल म्हणजे बेन्झिना, आणि गाझोलिओ म्हणजे डिझेल, नावाने गडबड होते. तिथे काही पंपांवर माणूस भरून देतो तो 'सेर्विटो' दर महाग असतो, 'फाई दा ते' लिहिलेल्या मशीनवर जा. लिविन्यो करमुक्त गाव आहे, टाक्या तिथे फुल करा. स्वित्झर्लंडच्या मोटरवेला ४० फ्रँकचं वर्षाचं स्टिकर बाईकलाही लागतं, ऑस्ट्रियात बाईकचं दहा दिवसांचं स्वस्तात मिळतं, जर्मनीत लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये गावाबाहेर ८०, गावात ५०, आणि दंड जबरदस्त, तिथे एक किलोमीटरसुद्धा जास्त नको. इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल लिहिलेली लाल गोल पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरा असतो, आणि दंड दोन-तीन महिन्यांनी बाईकवाल्याच्या चार्जसकट कार्डावर येतो.

समोरून येणारे बायकर डावा हात खाली सोडून नमस्कार करतात, तुम्हीही करा. वळणात मात्र हात हँडलवरच.

मुक्काम

गावातला गास्टहोफ बघा, म्हणजे खाली खानावळ वर खोल्या. बुक करताना बाईकला शेड आहे का आणि कपडे वाळवायची खोली आहे का हे दोनच प्रश्न विचारा. रात्रीचं जेवण धरून घेतलं तर बरं, कारण छोट्या गावात नऊनंतर काही मिळत नाही. शाकाहारी लोकांची आबाळ होत नाही, ऑस्ट्रियात केझश्पेत्झले (चीजमधले छोटे नूडल्स), इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये पालकाचे क्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे), आणि गोडात काइझरश्मार्न (जाड पॅनकेकचे तुकडे).

ग्रोसग्लोकनरच्या पायथ्याच्या हायलिगेनब्लूट गावात आम्ही एकदा असे भिजून पोचलो की बुटांतून पाणी ओतावं लागलं. आजींनी, म्हणजे मालकीणबाईंनी, काही न विचारता चार जोड बूट उचलले, जुन्या वर्तमानपत्राचं एकेक पान चुरगळून टाचेपर्यंत दाबून भरलं, आणि तासाभराने खाली येऊन ते ओले गोळे काढून परत कोरडे भरले. असं तीन वेळा केलं. सकाळी बूट कोरडे. ग्लोव्ह्जची बोटं तिने बाटल्यांवर उलटी लावून ठेवली होती. तेव्हापासून आम्ही जिथे जाऊ तिथे आल्या आल्या रिसेप्शनवर जुने पेपर मागतो, आणि हेअर ड्रायर बुटाला कधीच लावत नाही, चामडं कडक होतं.

पाऊस आणि परतीचा दिवस

डोंगरात वादळ बहुतेक दुपारनंतर येतं, म्हणून मोठा घाट सकाळी. वर ढग काळे दिसले तर खालच्या गावात कॉफी घेऊन तासभर बसा, बहुतेक वेळा निघून जातं. फुर्का वर खराब असेल तर रेआल्प ते ओबरवाल्ड बोगद्यातून गाड्या नेणारी ट्रेन आहे, बाईक थेट डब्यात चढवायची. एक दिवस ग्रुपमधल्या एकाला जरी चढायचं नसलं तर सगळेच ट्रेनने जायचं, त्यावर मतदान नाही.

शेवटच्या दिवशी म्युनिकला दुपारी बारापर्यंत पोचा आणि विमान दुसऱ्या दिवशीचं घ्या. जवळच्या पंपावर टाकी फुल करा, पावती ठेवा, पॅनियरच्या खिशातून लायसन्स, चार्जर, सुटे पैसे काढा. मग परत चारही बाजूंनी व्हिडिओ, आणि बाईक ठीक आहे असं त्यांच्याकडून लेखी घेऊनच किल्ली द्या. डिपॉझिट सुटायला आम्हाला दोन आठवडे लागले होते.